आईच्या डब्यातली बटणं

क्वीन बँडच्या ब्रायन मे यांची गिटार घरीच बनलेली आहे. १९६३ मध्ये, सोळाव्या वर्षी, त्यांनी वडिलांबरोबर ती करायला घेतली. मानेला जुन्या शेकोटीच्या चौकटीचं महोगनी. त्यातली किडीची भोकं काडेपेटीच्या काड्यांनी बुजवली. स्प्रिंगा जुन्या मोटरसायकलच्या. खुणांसाठी आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं (शिंपला मला खटकलाच, पण निदान नवा आणला नव्हता). दोनेक वर्षं लागली. पुढे मुलाने खगोलशास्त्राची पीएचडी सोडून संगीत धरलं, तेव्हा सर्वांत जास्त लागलं ते याच वडिलांना. पदवी अखेर २००७ मध्ये पूर्ण झाली.

माझ्या लेकाला गिटारसाठी माळ्यावरचा सागवानी पाट हवा होता. सासूबाईंचा पाट, आणि याची यंदा बारावी. तरी दिला.