चार आण्यांचे कर्ज

यवतमाळ जिल्ह्यातील पांढरकवडा हे माझे गाव. केळापूर तालुक्याचे ते मुख्य ठिकाण. भोवती काळी कसदार जमीन, जवळून वाहणारी खुनी नदी आणि दिवाळी सरली की शेतोशेती फुटलेला पांढराशुभ्र कापूस. या गावी मी एक गणित शिकलो. ते शाळेच्या पुस्तकात नव्हते.

साल १९६६. मी तेव्हा सहावीत होतो. कापसाची वेचणी चालू होती. वेचणाऱ्या बायांची मजुरी त्या संध्याकाळी चुकती करावयाची होती. बाबा कापसाची गाडी घेऊन जिनिंगमध्ये अडकले होते. त्यांनी तीस रुपये रुमालात बांधून माझ्या हाती दिले आणि मला शेतावर पिटाळले. वाटेत नदी लागली. रुमाल एका खडकावर ठेवून मी चपटे दगड पाण्यावर उडवीत बसलो. खेळाच्या भरात किती वेळ गेला, ते कळले नाही. शेतावर पोहोचलो तेव्हा ध्यानात आले की रुमाल खडकावरच राहिला आहे. धावत परतलो, पण खडक रिकामा होता!

त्या काळी तीस रुपये म्हणजे आमच्या घरी मोठी रक्कम. मी रडत बाबांपुढे उभा राहिलो. वाटले, आता पाठ सोलून निघणार. बाबा क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, "गेले ते गेले. डोळे पूस. बायांची मजुरी मात्र आजच दिली पाहिजे. त्यांच्या चुली पेटायच्या आहेत." त्यांनी कोठून तरी पैसे आणले आणि मजुरी चुकती केली. पैसे कोठून आणले, हे मी विचारले नाही. शिक्षा टळली, एवढ्यावरच मी खूश होतो.

पुढे पंधरा दिवसांनी काय झाले, ते सांगावयास मला आजही संकोच वाटतो. माझ्या एका सोबत्याने वही घेण्यासाठी माझ्याकडून चार आणे घेतले होते. त्याचे वडील एका शेतकऱ्याकडे सालदार होते. वायदा टळून गेला तरी त्याला पैसे परत देता येईनात. मी भर वर्गात त्याचे भूगोलाचे पुस्तक हिसकावून घेतले आणि म्हणालो, "आधी पैसे आण, मग पुस्तक ने." तो एक शब्दही बोलला नाही. तीन दिवस पुस्तकाविना तो भूगोलाच्या तासाला उभा राहिला. मी मात्र आपण व्यवहाराने वागलो, अशा ऐटीत होतो.

आमच्या आळीत एक ख्रिस्ती कुटुंब राहत असे. त्यांच्या अंगणात कधीकधी रविवारी संध्याकाळी भजन होई. टाळांच्या साथीवर नारायण वामन टिळकांची पदे म्हटली जात. टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, परंतु मराठी भजन आणि अभंग यांची गोडी सोडली नाही. उलट ती गोडी त्यांनी उपासनेत नेली. गाणी ऐकावयास आम्ही आळीतील सारीच मुले जमत असू. त्या रविवारी तेथे एक पाळकसाहेब आले होते. यवतमाळ येथे १९५३ साली सुरू झालेल्या युनियन बिब्लिकल सेमिनरीत त्यांचे शिक्षण झाले होते. ती संस्था पुढे १९८३ मध्ये पुण्यास गेली.

भजन संपल्यावर पाळकसाहेबांनी एक गोष्ट सांगितली. पेत्र नावाच्या शिष्याने येशू ख्रिस्ताला विचारले होते, की अपराध करणाऱ्याला किती वेळा क्षमा करावी? सात वेळा पुरे ना? तेव्हा येशूने त्याला हा दृष्टांत दिला. एका राजाचा एक चाकर होता. त्याच्याकडे दहा हजार तालांतांचे कर्ज थकले होते. त्याने पाय धरले, तेव्हा राजाला दया आली आणि त्याने सारे कर्ज सोडून दिले. चाकर बाहेर पडतो न पडतो तोच त्याला एक जोडीदार भेटला. त्याच्याकडे याचे शंभर दीनार येणे होते. याने त्याची मानगूट धरली आणि त्याला तुरुंगात टाकले!

"आता हिशेब करू," असे म्हणून पाळकसाहेबांनी काडीने धुळीत आकडे मांडले. "एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. एका तालांताचे सहा हजार दीनार. म्हणजे राजाने सोडलेले कर्ज सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढे झाले. ते फेडावयास त्या चाकराला दोन लाख वर्षे राबावे लागले असते! आणि जोडीदाराचे देणे किती? शंभर दिवसांची मजुरी. ती शंभर दिवसांची मजुरीही काही थोडी नव्हे. पण आपल्याला काय सुटले आहे, हे जो विसरला, त्याला ती सोडवली नाही."

मी मनातल्या मनात दुसराच हिशेब करीत होतो. तीस रुपयांत चार आणे किती वेळा येतात? एकशेवीस वेळा. माझे कान तापले.

पाळकसाहेब पुढे म्हणाले, "मुलांनो, कर्ज सोडले म्हणजे ते हवेत विरत नाही. जो सोडतो, तो ते आपल्या अंगावर घेतो. राजाच्या खजिन्यात तेवढा खड्डा पडलाच. देवाने आमची क्षमा अशीच स्वतः सोसून केली, असे आम्ही ख्रिस्ती लोक मानतो. क्रूस ही त्याची खूण आहे."

त्या रात्री बाबा शेतावर जागलीला निघाले. थंडी मी म्हणत होती. दर वर्षी या दिवसांत ते नवे कांबळे घेत. त्या वर्षी त्यांच्या खांद्यावर जुनेच कांबळे होते, ठिकठिकाणी विरलेले. तीस रुपये कोठून आले, ते मला त्या क्षणी समजले. राजाची गोष्ट माझ्या दारात उभी होती.

सकाळी शाळा भरण्यापूर्वीच मी सोबत्याच्या घरी गेलो आणि पुस्तक त्याच्या हाती दिले. म्हणालो, "चार आणे राहू देत. माझे चुकले." तो हसला. आठ दिवसांनी त्याने चार आणे आणून दिले, तेव्हा त्या पैशांचे आम्ही दोघांनी फुटाणे घेतले.

पुढे वाचनात आले, की मोठे तत्त्व लहान दृष्टांतात सांगण्याची रीत आपल्या मराठीत फार जुनी आहे. चक्रधरस्वामींनी सांगितलेले दृष्टांत केशोबासांनी 'दृष्टांतपाठा'त गोळा केले. हत्ती आणि आंधळे यांची गोष्ट त्यांतलीच. मूळच्या इंग्लंडच्या, १५७९ साली गोव्यास आलेल्या फादर स्टीफन्स यांनी येशूचे चरित्र मराठी ओव्यांत गुंफले. त्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. परक्या देशातली कथा येथील माणसांच्या हृदयापर्यंत न्यावयाची, तर ती त्यांच्याच भाषेतून गेली पाहिजे, हे त्यांनी ओळखले होते.

मी ख्रिस्ती नाही. परंतु त्या अंगणात ऐकलेला दृष्टांत माझाच होऊन बसला आहे. आजही कोणाचा लहानसा अपराध मनाला टोचू लागला की बाबांचे ते विरलेले कांबळे डोळ्यांपुढे येते आणि आवळलेली मूठ आपोआप सैल होते.