हशा ऐकू येतो, कारण कळत नाही

पु. ल. देशपांडे यांच्या कथाकथनाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांत मला शब्दांइतकाच प्रेक्षागृहातला हशा ओढून घेतो. पु. ल. एक वाक्य बोलतात, किंचित थांबतात आणि नाट्यगृह हसतं. बहुतेक वेळा आपणही त्यांच्याबरोबर हसतो. पण मधूनच अशी एखादी जागा येते, की तिथे लोक पोट धरून हसताहेत आणि आपण नुसते ऐकत राहतो. 'असा मी असामी'मधले धोंडो भिकाजी धोतर सोडून सुटाबुटात शिरतात तो भाग घ्या. तो आजही गमतीचाच आहे. पण समोर बसलेल्यांपैकी अनेकांनी भर वयात स्वतः धोतर सोडलेलं असणार. पहिल्यांदा पँट घालून कचेरीत जातानाचा संकोच त्यांच्या अंगाने अनुभवलेला असणार. त्यांचा हशा आपल्या हशाहून वरच्या पट्टीत लागतो, तो त्यामुळे.

विनोद लवकर शिळा होतो, ही तक्रार जुनीच आहे आणि ती खोटी नाही. 'होणार सून मी ह्या घरची' या मालिकेत जान्हवीचं गरोदरपण इतकं लांबलं होतं, की त्यावरच्या विनोदांनी घरोघरचे मोबाइल भरून गेले होते. ऑफिसातली रखडलेली फाइल असो, रस्त्याचं काम असो, जान्हवीचं नाव काढलं की काम व्हायचं. मालिका २०१६मध्ये संपली. आज कॉलेजात जाणाऱ्या माझ्या भाचीसमोर मी ते नाव घेतलं, तर तिने विचारलं, "कोण जान्हवी?" मी सगळं सांगितलं. तिला समजलं, पण हसू आलं नाही. समजावून सांगितलेल्या विनोदात माहिती उरते. दोघांनाही एकाच वेळी एकच गोष्ट आठवणं, हे त्यातलं खरं सुख निघून गेलेलं असतं.

या सगळ्याचा विचार करताना मला वारंवार वसंत सबनीस आठवतात. १९६५च्या सुमारास त्यांचं 'विच्छा माझी पुरी करा' रंगभूमीवर आलं. दादा कोंडके त्यात हवालदार होत. लिहिलेली संहिता हाताशी होती, पण दादा त्यात दर प्रयोगाला भर घालत. सकाळच्या पेपरातली बातमी रात्री रंगमंचावर यायची. ही काही त्यांनी नव्याने काढलेली रीत नव्हती. तमाशात गण-गौळणीनंतर बतावणी येते आणि तिथे सोंगाड्याने गावातली, बाजारातली, सरकारातली ताजी खबर घेऊन टोला हाणायचा असतो. ती खबर ताजी नसेल तर सोंगाड्याला कोण ऐकून घेणार? ते दिवस कसले होते पाहा. पाकिस्तानशी युद्ध, धान्याची टंचाई, रेशनच्या रांगा, लालबहादूर शास्त्रींच्या आवाहनावरून सोमवारी रात्रीचं जेवण सोडणारी घरं. अशा दिवसांत हजारो माणसं त्या लोकनाट्याला गर्दी करत होती. संहिता आज पुस्तकात वाचता येते. दादांनी कुठल्या रात्री काय घातलं, ते मात्र त्या त्या रात्रीबरोबर गेलं. ज्यांनी ते प्रयोग पाहिले अशा माझ्या घरातल्या वडीलधाऱ्यांना मी अनेकदा विचारलं आहे. हसून हसून डोळ्यांतून पाणी यायचं, हे सगळ्यांना आठवतं. कशावर हसलो, ते एकालाही धड सांगता येत नाही.

याच सबनिसांनी पुढे 'अशी ही बनवाबनवी'चे संवाद लिहिले. सिनेमा १९८८चा. तो प्रदर्शित झाला तेव्हा जन्मलेलीसुद्धा नव्हती अशी मुलं आज त्यातले प्रवेशच्या प्रवेश पाठ म्हणतात. इस्तंबूलचं औषध आणि सत्तर रुपये एवढं म्हटलं, की पुढचं कुणाला सांगावं लागत नाही. सत्तर रुपयांना आता काय किंमत आहे? तेव्हा ती बऱ्यापैकी रक्कम होती, आज तेवढ्यात दोघांचा नाश्ताही होत नाही. तरी तो विनोद जागचा हललेला नाही. कारण तो पैशांच्या आकड्यावर उभाच नाही. बुडालेल्या पैशांची हळहळ आणि बुडवणाऱ्याचा साळसूद चेहरा यांवर तो उभा आहे आणि अशोक सराफ आणि सुधीर जोशी यांनी तो चेहऱ्यांनी खेळला आहे. शिवाय एकट्या मुलांना भाड्याने खोली न मिळणं ही अडचण पुण्या-मुंबईत आजही तितकीच खरी आहे.

पु. लं.चा 'अंतू बर्वा' मला याच्याही पुढचा वाटतो. रत्नागिरीत वीज आली ही त्या वेळची ताजी बातमी, म्हणजे आजच्या हिशेबाने कालबाह्य संदर्भच. पण अंतूशेटना उजेड नकोसा वाटतो तो घरातलं दारिद्र्य लख्ख दिसेल म्हणून. विजेचं नवेपण कधीच संपलं. त्या वाक्यातला चटका मात्र वाढला आहे, कारण आपण आता ते हसायला म्हणून ऐकत नाही. संदर्भाच्या खाली असा माणूस असला, की बातमी शिळी झाली तरी बिघडत नाही.

आठवणींनी येणारं हसू मला हलकं वाटत नाही. 'बनवाबनवी' पुन्हा पाहताना वाक्य येण्याआधीच घरातले सगळे हसू लागतात, त्यात एक घर असल्याचा आनंद असतो. माझी नाराजी दुसऱ्याच गोष्टीवर आहे. अलीकडे पुष्कळ कार्यक्रमांत नुसती नावं घेतली जातात. चित्रहार, पेन्सिलीने गुंडाळलेली कॅसेट, प्लॅस्टिकच्या नळीतला पेप्सीकोला. नाव आलं की टाळी येते आणि विनोद करायचा राहूनच जातो. यात प्रेक्षकाच्या बालपणाचा आयता उपयोग करून घेतलेला असतो आणि मला तो आवडत नाही. 'बटाट्याची चाळ'सुद्धा गेलेल्या दिवसांचीच आहे. पण तिच्या शेवटच्या 'चिंतना'पर्यंत पोहोचेस्तोवर पु. लं.नी त्या बिऱ्हाडांतला माणूस न् माणूस आपल्या ओळखीचा करून दिलेला असतो. तिथला हळवेपणा त्यांनी आधी कष्टाने मिळवलेला आहे.

म्हणून शिळे होणारे संदर्भ टाळून लिहा, हा नव्या लेखकांना दिला जाणारा सल्ला मला पटत नाही. कायम टिकेल असंच लिहायचं ठरवलं, तर बतावणी उरणारच नाही. राकेल मिळत नव्हतं, फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागत होता, मालिकेतल्या मुलीचं बाळंतपण होता होत नव्हतं आणि सगळं राज्य त्यावर बोलत होतं. साध्या माणसाच्या दिवसातल्या अशा गोष्टींची नोंद इतिहासाच्या पुस्तकांत क्वचितच होते. ती विनोदात होते.

आज निदान प्रयोग मुद्रित करता येतात. दादांच्या वेळी ती सोय इतकी सहज हाताशी नव्हती. आता एकपात्री करणारी, स्किट लिहिणारी मुलं आपले प्रयोग जपून ठेवत असतील, तर माझी त्यांना कळकळीची विनंती आहे: काही वर्षांनी ते पुन्हा लोकांसमोर आणताना, आता कुणाला कळणार नाही म्हणून त्या जागा कापू नका. हशा तसाच राहू द्या, तारीख तेवढी लिहून ठेवा. ऐकणारं पोर थांबून विचारील, हे लोक एवढे का हसले? त्या वेळी सांगणारं कुणीतरी घरात असेल.