पुठ्ठ्याचा रणगाडा आणि बाबांचा ट्रक

रेल्वेच्या कारखान्यात तेहतीस वर्षं फिटर म्हणून काम केलं. निवृत्त झाल्यावर हात स्वस्थ बसेनात. घरातले सगळे नळ, कड्या, बिजागऱ्या दुरुस्त करून झाल्या. शेजाऱ्यांच्याही झाल्या. मग २०२० साली लॉकडाऊन लागला आणि माणूस घरातच कोंडला गेला. तेव्हा नातीनं मोबाईलवर एक चित्र दाखवलं. परदेशातल्या कुणा माणसानं टेबलावर मावेल एवढं युद्धाचं मैदान केलं होतं. बर्फ, मोडकी झाडं, चिखलात रुतलेला रणगाडा, थंडीनं आखडलेले सैनिक. "नाना, तुम्हाला जमेल का असं?" तिनं विचारलं. फिटर माणसाला असं विचारायचं नसतं!

ज्यानं लहानपणी दिवाळीचा किल्ला केला आहे त्याला हा प्रकार समजावून सांगायला नको. फरक एवढाच, की किल्ल्यात मावळा दरवाजापेक्षा मोठा असला तरी चालतो. इथं चालत नाही. सगळं एका मापात हवं. जगभर हौशी लोक बहुधा १:३५ हे माप धरतात. म्हणजे खऱ्या वस्तूचा पस्तिसावा भाग. साडेपाच फुटी माणूस पावणेपाच सेंटिमीटरचा होतो. साडेचार मीटरचा रणगाडा तेरा सेंटिमीटरचा होतो. मापाचं काम म्हटल्यावर मला माझ्या खात्यात परत गेल्यासारखं वाटलं.

युद्ध कुठलं घ्यायचं हे ठरवायला वेळ लागला नाही. आमचे बाबा १९४८ साली काश्मीरच्या लढाईत होते. ते बंदूकवाले नव्हते, ट्रक चालवायचे. आज ज्याला आर्मी सर्व्हिस कोअर म्हणतात, त्या खात्यात. रसद, पेट्रोल, दारूगोळा पोचवणं हे त्या खात्याचं काम. बाबा १९८८ साली वारले. लढाईबद्दल आम्हा मुलांशी ते कधी बोलले नाहीत. त्यांच्याकडून फक्त एक नाव ऐकलं होतं, जोझिला.

मग मी वाचनालयातून पुस्तकं आणली आणि नातीला आणखी शोधायला लावलं. जोझिला हा श्रीनगरहून लेहला जाणाऱ्या वाटेवरचा घाट, उंची साडेअकरा हजार फुटांवर. १९४८ च्या उन्हाळ्यात कारगिल आणि द्रास शत्रूच्या हाती गेलं आणि लेहची वाट तुटली. सप्टेंबरमध्ये आपल्या पायदळानं घाटावर हल्ला केला, तो फसला. वरून मशीनगनचा मारा, खाली उघडा चढ. तेव्हा रणगाडे वर न्यायचं ठरलं. एवढ्या उंचीवर रणगाडा येईल असं शत्रूच्या मनातही नव्हतं. सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे जम्मूहून निघाले. वाटेतले पूल कच्चे, म्हणून वजन कमी करायला वरचा फिरता भाग, ज्याला टरेट म्हणतात, तो उतरवला. कुणाला कळू नये म्हणून ताडपत्र्या घातल्या. बालतालपासून घाटापर्यंत मद्रास सॅपर्सच्या जवानांनी गोळीबार झेलत वाट फोडली. ऑक्टोबरअखेर बर्फ पडला आणि हल्ला लांबला. शेवटी १ नोव्हेंबर १९४८ रोजी रणगाडे घाटात घुसले. जनरल थिमय्या स्वतः सर्वांत पुढच्या रणगाड्यात होते. त्याच महिन्यात द्रास आणि कारगिल परत मिळालं.

झालं! मी रणगाडा करायला घेतला. परदेशी सुटे भाग मिळतात, पण त्यांच्या किमती हजारांत. पेन्शनीत हे बसत नाही. मी चपलांच्या खोक्यांचा पुठ्ठा घेतला, तीन थर चिकटवून वर किसणीच्या कागदानं घासला. सायकलच्या आऱ्याची तोफ केली. चाकांसाठी शर्टाची बटणं, पट्ट्यासाठी जुन्या ट्यूबचे काप. रिव्हेटा कशा करायच्या यात आठ दिवस गेले. शेवटी सुईच्या टोकानं फेविकॉलचा एकेक थेंब ठेवला, वाळला की हुबेहूब रिव्हेट. दोनशेच्या वर ठेवल्या असतील. डोळ्यांना पाणी यायचं. बायको म्हणायची, "कारखान्यातून सुटलात आणि घरात कारखाना घातलात."

डोंगराचं गणित मात्र चुकलं. साडेतीन हजार मीटरचा पस्तिसावा भाग शंभर मीटर! म्हणजे तीस मजली इमारतीएवढा डोंगर घरात ठेवायला हवा. तेव्हा ध्यानात आलं की देखाव्यात डोंगर दाखवायचा नसतो, डोंगराचा एक तुकडा दाखवायचा असतो. दोन फूट बाय दीड फूट फळी घेतली. त्यावर रस्त्याचं एक वळण आणि एका बाजूला कडा. कड्यासाठी टीव्हीच्या खोक्यातला जुना थर्माकोल तासला. वर रद्दी कागदाचा लगदा आणि प्लॅस्टर ऑफ पॅरिस.

खरी परीक्षा बर्फाची होती. आयुष्यात मी बर्फ पाहिला तो मासळीवाल्याच्या पाटीतला आणि गोळेवाल्याच्या गाडीवरचा. आधी जाड मीठ टाकलं. छान दिसलं, पण पावसाळा सुरू झाला आणि तिसऱ्या दिवशी बर्फाला पाणी सुटलं. मग खायचा सोडा फेविकॉलमध्ये कालवून लावला. तो काही महिन्यांत पिवळा पडला. काश्मीर कुठलं, काविळीचा आजारी दिसायला लागला. शेवटी दारात रांगोळी काढणाऱ्या सुनेच्या हातातला डबा दिसला. पांढरी रांगोळी! दगडाचीच भुकटी ती, ना विरघळत ना पिवळी पडत, आणि उन्हात चमकते. चाळणीनं चाळून भुरभुरवली. पण तीही नुसती पांढरी ठेवली तर पिठासारखी दिसते. बर्फाच्या सावलीत निळसर झाक असते हे नातीनं फोटोतून दाखवलं. मग कपड्यांना घालायची नीळ थेंबभर पाण्यात उतरवून खळग्यांत सोडली. वाचकहो, त्या एका थेंबानं आमच्या खोलीत थंडी वाजायला लागली.

रणगाडा उभा केला, मागे चार सैनिक ठेवले. तारेचा सांगाडा, वर एम-सीलचं अंग. कोट खऱ्या कापडाचे करायचे नाहीत, कापडाची वीण त्या मापात गोणपाटासारखी दिसते. पातळ कागद फेविकॉलच्या पाण्यात भिजवून गुंडाळायचा. दोन वर्षं अधूनमधून हे काम चाललं. सगळं झालं तेव्हा आईला दाखवायला घेतलं.

आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची. डोळ्यांचं ऑपरेशन झालेलं, नजर बरी. ती फळीवर वाकली आणि बराच वेळ बघत राहिली. मला वाटलं, आता शाबासकी मिळणार. ती म्हणाली, "समदं झ्याक केलंस. पर ह्यात तुझा बा कुठं हाय?"

मी म्हणालो, "अगं, बाबा ट्रकवर होते. हे रणगाड्याचं आहे."

"मंग तेंचा ट्रक कुठं हाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आणि मग तिनं मला जे सांगितलं ते साठी उलटून गेलेल्या मला पहिल्यांदा कळत होतं.

पण त्याआधी मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. बाबांच्या डाव्या पायाची दोन बोटं नव्हती. ते ऐन मे महिन्यातही बूट घालायचे आणि बुटाच्या टोकात कापूस कोंबायचे. चाळीत सगळे चपलांवर, आमचे बाबा बुटावर. मी दहा वर्षांचा असेन. मित्रांनी विचारलं, तुझ्या बापाच्या बोटांना काय झालं? मी हुशारी केली, म्हणालो, "उंदरानं खाल्ली!" पोरं खो-खो हसली. बाबा मागे जिन्यात उभे होते. ते काही बोलले नाहीत. बादली घेऊन नळावर गेले. मी त्यांच्याशी त्याबद्दल पुढं कधी बोललो नाही, त्यांनीही काढलं नाही. शेवटच्या आजारात पाय मीच पुसायचो, तेव्हाही नाही.

आईनं सांगितलं ते असं. ऑक्टोबर संपत आला होता. बाबा बालतालला माल उतरवून रिकामा ट्रक घेऊन खाली निघाले. ट्रकमध्ये मागं सहा-सात आजारी आणि जखमी माणसं घातली होती, सोनमर्गला पोचवायची. वाटेत समोरून ताडपत्री घातलेल्या मोठ्या गाड्या वर येत होत्या. त्यांना वाट द्यायला बाबांनी ट्रक कडेला घेतला आणि मागचं चाक बर्फात बसलं. अंधार पडला. ताडपत्रीखाली काय आहे हे सगळ्यांना कळलं होतं, पण तोंड उघडायचं नाही असा हुकूम होता.

ट्रक बंद पडला तर रेडिएटरमधलं पाणी गोठणार. पाणी काढून टाकलं तर सकाळपर्यंत गाडी सुरू होणार नाही, आणि मागच्यांतल्या एकाची तर रात्र निघणं कठीण दिसत होतं. बाबांनी आपलं कांबळं काढलं आणि इंजिनावर घातलं. थोड्या थोड्या वेळानं गाडी सुरू करायची, गरम झाली की बंद करायची, पेट्रोल पुरवायचं. मधल्या वेळात उतरून फावड्यानं चाकाखालचा बर्फ उपसायचा. बूट आतून भिजले. पहाटे वर जाणाऱ्या गाडीतल्या माणसांनी ढकलून ट्रक रस्त्यावर आणला. पोचल्यावर बूट काढायला गेले तर बूट निघेना. श्रीनगरच्या इस्पितळात दोन बोटं कापली.

"मागचा माणूस वाचला का?" मी विचारलं.

"त्येंनाबी कधी कळलं न्हाई," आई म्हणाली. "लई साल इचारत व्हते, ज्याला त्याला."

मी रणगाडा फळीवरून काढला. खरं सांगतो, जिवावर आलं. दोनशे रिव्हेटा होत्या. पण काढला. पुन्हा पुठ्ठा घेतला आणि ट्रक करायला बसलो. त्या वेळी आपल्या सैन्यात दुसऱ्या महायुद्धातले शेवरोले, फोर्ड असे ट्रक होते, आखूड चपट्या नाकाचे. बाबांचा शेवरोले तीन टनी होता एवढं आईला माहीत. नातीनं फोटो छापून आणले. घाईत स्टिअरिंग डाव्या हाताला बसवलं होतं, तिनंच चूक काढली. मागचं डावं चाक अर्धं बर्फात रुतवलं. चाकाखाली रांगोळीत तपकिरी रंग कालवून राड केली, कारण उपसलेला बर्फ पांढरा राहत नाही. बोनेटच्या आसपास बर्फ कमी ठेवला, गरम इंजिनाशेजारी तो टिकत नाही. मागच्या हौद्यात कागदाच्या सुरळ्या करून पांघरुणाखालची माणसं केली. त्यांचे चेहरे दाखवले नाहीत. जो वाचला की नाही कळलं नाही, त्याला कुठला चेहरा देणार?

रणगाडा फेकला नाही. तो समोरच्या वळणावर ठेवला, फळीच्या कडेशी, आणि भिजवलेल्या कागदाची ताडपत्री करून पुरता झाकला. आता त्याची एकही रिव्हेट दिसत नाही. बघायला आलेली शेजारची पोरं ताडपत्रीकडे बोट दाखवून विचारतात, "आजोबा, याच्या खाली काय आहे?" मी सांगत नाही. हुकूमच तसा होता.

बाबांची बाहुली सगळ्यांत शेवटी केली. फावडं धरून वाकलेली. तीन वेळा मोडली. पाय बर्फात बुडालेले आहेत, त्यामुळे बूट करावे लागले नसते तरी चाललं असतं. मी केले. मग रांगोळीनं झाकले.

पुन्हा आईला दाखवलं. ती या वेळी खुर्ची ओढून बसली. ट्रक बघितला, फावडं बघितलं. बोनेटवर मी कागदाचं कांबळं घातलं होतं, खाकी रंगवून. तिनं नखानं त्याला हात लावला.

"ह्यो रंग न्हाई. राखाडी व्हतं. आन् ह्या कोपऱ्याला जळालं व्हतं, इंजानाला लागून. वंजळीएवढं भोक पडलं व्हतं."

"तुला कसं माहीत?"

"आरं, माझ्या संसारातच व्हतं की त्ये. भोकाला ठिगळ लावून तुला त्याच्यावरच निजवायची. तू झालास तवा घरात दुसरं उबदार काय व्हतं?"

ते कांबळं मला आठवलं. ठिगळ लाल फुलांच्या छिटाचं होतं. पुढं त्याचं पायपुसणं झालं आणि कधीतरी बोहारणीला गेलं.

त्या रात्री मी कागद राखाडी रंगवला. वाळल्यावर डाग देण्याची कावी तापवली आणि बोनेटच्या डाव्या बाजूला, कोपऱ्यावर, टोक हळूच टेकवलं. वंजळीएवढं भोक, त्याचा पस्तिसावा भाग. ज्वारीच्या दाण्याएवढं झालं.