चिरल्याची तारीख

बँकेतील छत्तीस वर्षांच्या नोकरीत मी किती धनादेशांवरील तारखा तपासल्या असतील याची गणती नाही. पूर्वी धनादेश सहा महिने चालत असे. रिझर्व्ह बँकेने १ एप्रिल २०१२ पासून ती मुदत तीन महिन्यांवर आणली, तेव्हा पेठेतील कितीतरी व्यापारी काउंटरवर येऊन माझ्याशी वाद घालीत. "साहेब, कागद तोच, सही तीच, खात्यात पैसेही आहेत. मग हा चेक शिळा कसा?" मी सांगत असे, चेक शिळा झाल्याचे त्याच्या तोंडावर दिसत नाही, ते तारखेवरूनच ओळखावे लागते. हे वाक्य मी शेकडो वेळा उच्चारले असेल. स्वतःच्या घरात, फ्रीजचे दार उघडून उभा असताना, ते मला आठवले नाही. त्याची ही हकीकत.

आमचे घर बार्शीच्या जुन्या पेठेत आहे. वडिलांचे भुसाराचे आडत दुकान होते. उन्हाळ्यात दुपारचे लिलाव आटोपले, वजने झाली, की चारच्या सुमारास वडील दुकानाच्या ओट्यावर कलिंगड चिरीत. दुकानातील मुनीम, तोलार, हमाल, गाडीवान आणि शाळेतून आलेली आम्ही चुलत-सख्खी भावंडे मिळून पंधरा-वीस माणसे सहज असत. पाच मिनिटांत परातीत फक्त साली उरत आणि त्या पांजरपोळातील गाईंकडे जात. चिरलेले कलिंगड ठेवायचे कसे, हा प्रश्नच त्या घरात कधी उद्भवला नाही. ठेवायला उरतच नसे.

आता घरात आम्ही तिघे. मी, सौ. आणि शहाऐंशी वर्षांच्या बाई. आईला आम्ही सारी भावंडे बाईच म्हणतो. मुले पुण्याला असतात. माणसे कमी झाली, परंतु माझी खरेदीची सवय मात्र एकत्र कुटुंबाचीच राहिली. मोठे फळ भावाने परवडते, हे वडिलांचे गणित डोक्यात पक्के बसलेले. गतवर्षीच्या मे महिन्यात एका रविवारी मी पंधरा रुपये किलोने सात किलोचे कलिंगड घेऊन आलो. एकशे पाच रुपयांत तिघांचा आठवडा निघेल, असा हिशेब मांडला. घरी येताच पिशवीतून काढले, ओट्यावर ठेवले आणि तसेच चिरले. धुतले नाही. साल तर टाकूनच द्यायची आहे, ती कशाला धुवायची? अर्धे आम्ही खाल्ले, उरलेल्या अर्ध्यावर स्टीलचे ताट झाकून ते फ्रीजमध्ये सारले. सोमवारी व मंगळवारी त्यातूनच थोडे थोडे कापून घेतले. आम्हा कोणालाही काही झाले नाही.

बुधवारी सकाळी दहाच्या सुमारास वळवाच्या पावसाने कोठेतरी तारा तुटल्या आणि वीज गेली. ती साडेचार वाजता आली. मधल्या साडेसहा तासांत थंड पाण्यासाठी फ्रीजचे दार मी स्वतः किती वेळा उघडले असेन, देव जाणे. सहा वाजता पाहिले तेव्हा कलिंगड पुन्हा छान गार झाले होते. रंग लालभडक, वासात काही फरक नाही. सौ. बहिणीकडे गेली होती. बाईंना गेली चाळीस वर्षे चौविहार. दिवसभर उकाड्याने त्या हैराण झाल्या होत्या आणि सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंबही घेणार नव्हत्या. जाता जाता पोटात थोडा गारवा जावा, म्हणून मी वाटीभर फोडी करून त्यांच्यापुढे ठेवल्या.

"हे कधीचे आहे रे?" त्यांनी विचारले.

"रविवारचे. फ्रीजमधले आहे, बाई."

"चिरलेले ना? मग शिळेच झाले की."

"शिजवलेले थोडेच आहे? फळ आहे. काही होत नाही, घ्या."

चिरलेले फळ त्याच दिवशी, दिवस मावळण्यापूर्वी संपले पाहिजे, हा बाईंचा जन्मभराचा नियम. त्यांच्याकडे त्याचे शास्त्रीय कारण नव्हते आणि माझ्याकडे एम. कॉम.ची पदवी होती. "तू म्हणतोस तर," एवढे बोलून त्यांनी वाटी संपविली. त्या तीन शब्दांचा मला आजही त्रास होतो.

रात्री साडेबारानंतर उलट्या सुरू झाल्या, पाठोपाठ जुलाब. दोन वाजेपर्यंत बाईंचे डोळे आत गेले, जीभ कोरडी पडली. मी साखर-मिठाचे पाणी करून आणले. त्यांनी मान फिरविली. "दिवस उगवू दे." तोवर सौ. परतली होती. पच्चक्खाणात आजारपणासाठी आगार असतो, याची तिने हळूच आठवण करून दिली. बाई म्हणाल्या, "असतो, मला ठाऊक आहे. पण मला अजून तेवढे झालेले नाही." त्यांच्या व्रताबद्दल माझी तक्रार नाही. चाळीस वर्षे त्यांनी ते कोणाला त्रास न देता पाळले होते. त्या रात्री त्या व्रताची एवढी कठोर परीक्षा ज्याने आणली, तो मी होतो.

अडीच वाजता त्यांना दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी सांगितले की या वयात शरीरातील पाणी कमी होणे फार वेळ सोसत नाही. शिरेवाटे सलाइन लावायला बाईंनी अखेर होकार दिला. तोंडाने मात्र त्यांनी नवकारशी झाल्यावर, पावणेसातच्या सुमारास, पहिला चमचाभर घोट घेतला. त्या सव्वाचार तासांत बाटलीतून पडणारा एकेक थेंब मी मोजला. नोकरीत रोकड मोजताना कधी इतकी एकाग्रता साधली नव्हती. दोन दिवसांनी त्या घरी आल्या. दवाखान्याचे बिल किती झाले, ते येथे लिहीत नाही. एकशे पाच रुपयांशी त्याची तुलना वाचकांनीच करावी.

दोष कलिंगडाचाच, असे डॉक्टर खात्रीने म्हणाले नाहीत. त्या दिवशी आम्ही दोघांनी न खाल्लेला आणि बाईंनी एकट्याने खाल्लेला पदार्थ मात्र तेवढा एकच होता. मला त्याहून अधिक पुरावा नको होता.

माझी एक पुतणी अन्नतंत्रज्ञान शिकलेली आहे. तिला दूरध्वनी केला, तेव्हा तिने प्रथम विचारले, "काका, धुतले होते का?" पुढचा अर्धा तास तिने जे समजावून सांगितले, त्यातील पुष्कळसे बाईंच्या नियमात पूर्वीपासून होते, केवळ कारणासह नव्हते.

कलिंगड जमिनीवर वाढते. माती, शेणखत, पाणी, गाडीतील आणि हातगाडीवरील हात, या सर्वांचा संपर्क सालीला होतो. सुरी सालीतून गरात शिरते, तेव्हा सालीवरचे जंतू ती आत पोहोचविते. म्हणजे साल खायची नसली तरी धुवायची ती सालच. लिंबू, संत्रे, अननस यांच्या आंबटपणामुळे जंतूंना फारसे वाढता येत नाही. कलिंगडाला ते संरक्षण नाही. त्यात सुमारे ब्याण्णव टक्के पाणी, वर साखर, आणि आम्लता अगदीच कमी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या नियमावलीत चिरलेले कलिंगड आणि खरबूज हे, दुधाप्रमाणेच, तापमान सांभाळावे लागणाऱ्या नाशवंत पदार्थांत धरलेले आहेत. हे ऐकून मी चकित झालो. दूध मी कधी साडेसहा तास बाहेर ठेवले नसते.

चिरलेले फळ बाहेर दोन तासांहून अधिक ठेवू नये आणि हवा बत्तीस अंशांच्या वर असेल तर एक तासच, असा दंडक आहे. आमच्याकडे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा आपल्याला कोणता आकडा लागू पडतो हे उघड आहे. फ्रीजमधील तापमान चार-पाच अंशांवर जाता कामा नये. वीज गेली तर दार न उघडता फ्रीज साधारण चार तास गारवा धरतो. आमच्या घरी साडेसहा तास गेले, आणि दारही मिटलेले नव्हते. वीज आल्यावर फळ पुन्हा गार होते, एवढेच. मधल्या काळात जे वाढले, ते त्या गारव्याने नाहीसे होत नाही. हाताला गार लागले म्हणजे ताजे, असे मी समजलो होतो.

अखंड फळाची गोष्ट निराळी. आमचे पूर्वज नागोर भागातले. तिकडे कलिंगडाच्या देशी जातीला मतीरा म्हणतात. पावसाळ्यानंतरचे मतीरे थंडीभर घरात राहत, असे आजी सांगत असे. (बिकानेर आणि नागोर यांच्यात १६४४ साली एका मतीऱ्यावरून युद्ध जुंपले, अशी कथा आहे. वेल एका राज्यात रुजली आणि फळ दुसऱ्या राज्यात धरले. मालकी हक्काच्या वादाचे याहून सुंदर प्रकरण मला वसुली खात्यातही भेटले नाही.) फळ आपल्या सालीत असते, तोवर तिजोरीला कुलूप असते. म्हणून अखंड कलिंगड आम्ही आता फ्रीजमध्ये ठेवीत नाही. फार गारव्यात अनेक दिवस राहिले, तर त्याची चव आणि रंग उतरतो, सालीवर खळगे पडतात. माजघराच्या गार फरशीवर, उन्हापासून दूर, ते आठवडाभर निवांत राहते.

पहिला बदल केला तो खरेदीत. आता शुगर बेबी जातीचे, तीन किलोच्या आतले फळ घेतो. हातात घेतल्यावर आकाराच्या मानाने जड वाटले पाहिजे आणि जमिनीला टेकलेली बाजू पांढरट नव्हे, लोण्यासारखी पिवळी हवी. किलोमागे दोन-तीन रुपये अधिक पडतात. पडू देत.

चिरण्यापूर्वी हात धुऊन फळ नळाच्या वाहत्या पाण्याखाली, केवळ त्यासाठीच राखलेल्या ब्रशने घासतो आणि स्वच्छ कोरड्या फडक्याने पुसतो. साबण लावीत नाही. सुरी आणि पाटही धुतलेले. दोन्ही टोकांच्या चकत्या काढल्या की फळ पाटावर सरळ उभे राहते, घसरत नाही. मग वरून खाली सुरी फिरवीत साल काढायची. अर्धे फळ झाकून ठेवण्यापेक्षा सगळ्याच्या फोडी करून घट्ट झाकणाच्या डब्यात भरणे बरे. रोज नवी सुरी लागत नाही आणि फ्रीजमधले बाकीचे वासही शिरत नाहीत. डब्याच्या तळाशी सौ.ने ढोकळ्याच्या भांड्यातली जाळी बसविली आहे. रस खाली निथळतो, फोडी त्यात बुडून लिबलिबीत होत नाहीत. मीठ किंवा चाट मसाला आधी लावायचा नाही, त्याने पाणी सुटते. तो वाटीत वाढल्यावर.

बाई बिया काढल्यावर दोन घडी, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, थांबल्याशिवाय फळ घेत नाहीत. पूर्वी त्या वेळात फोडी टेबलावर राहत. आता डबा फ्रीजमध्येच थांबतो. याला हरकत नाही ना, हे बाईंनी महासतीजींना विचारून घेतले, मगच मान्य केले.

पुतणीच्या मते असा डबा तीन-चार दिवस चालतो. आमच्या घरी दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ ही शेवटची मुदत. त्यापूर्वी उरेल असे दिसले, तर पहिल्याच दिवशी अर्धा डबा शेजारी जातो. चव घेऊन ठरविणे बंद. चांगले की वाईट हे जिभेला कळत नाही. प्रत्येक डब्यावर मी कागदी पट्टी चिकटवितो आणि त्यावर चिरल्याची तारीख व वेळ लिहितो. व्हाउचरवर लिहीत असे तशीच, खाली आद्याक्षरांसह. सौ. हसते. वीज चार तासांहून अधिक गेली, तर पट्टीवर काहीही लिहिलेले असो, डबा गाईच्या बादलीत रिकामा होतो. पहिल्यांदा तसे करताना वडिलांची आठवण येऊन हात अडखळला, हे कबूल करतो.

बाईंनी मला त्या प्रसंगाबद्दल एका शब्दानेही बोल लावला नाही. आता त्या सत्त्याऐंशीच्या आहेत. बारीक अक्षर दिसत नाही, म्हणून वाटी पुढे आली की मला पट्टी मोठ्याने वाचायला लावतात. मी वाचतो, त्या बोटांवर तास मोजतात, मग पहिली फोड उचलतात.

गेल्या आठवड्यात घाईत माझ्याकडून पट्टीवर तारीख लिहिली गेली, वेळ राहून गेली. मी वाचले, "सोमवार, बारा तारीख." बाई वाट पाहत राहिल्या. "आणि वेळ?" मी म्हटले, सकाळचे असावे. त्यांनी वाटी हळूच माझ्याकडे सरकविली. "असावे म्हणजे?"

घड्याळात सव्वापाच वाजले होते. दिवस मावळायला दीड तासाहून अधिक अवकाश होता. मी माजघरातले दुसरे कलिंगड उचलून नळाखाली धरले.