चालेल

दिल्लीत अभ्यागत प्राध्यापक म्हणून आल्यापासून मुलीशी होणारा माझा संवाद बहुतांशी दूरध्वनीवरचा, आणि म्हणून प्रश्नोत्तररूप झाला होता. जेवलीस का, झोपलीस कधी, गणिताचे काय झाले. उत्तरेही एकेका शब्दाची. २०२३ च्या पावसाळ्याच्या अखेरीस तिने पुण्याहून आपण होऊन फोन केला तो एका मदरबोर्डासाठी. तिच्या आत्येभावाने स्वतःचा संगणक बदलताना जुना प्रोसेसर, रायझन ५ १६००, तिला देऊन टाकला होता. तो नेमून दिलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने चालवायचा, म्हणजे त्या विद्येच्या भाषेत 'ओव्हरक्लॉक' करायचा, असा तिचा बेत होता. दिवाळीच्या सुटीत ती दिल्लीला येणार होती. "बाबा, नेहरू प्लेस तुझ्या जवळच आहे ना? बोर्ड तेवढा घेऊन ठेव. स्वस्तातला चालेल. फक्त ओव्हरक्लॉक करू देणारा बघ."

या शब्दाला मराठी प्रतिशब्द नाही, आणि तो घडवण्याच्या भानगडीत कोणी पडू नये असेच मला वाटते. मदरबोर्डाला कोणी 'मातृफलक' म्हणू लागलाच, तर त्याची गत मुंबईतील डॉ. दादासाहेब भडकमकर मार्गासारखी होईल. पाटीवर ते नाव आहे. बोलताना सगळे लॅमिंग्टन रोडच म्हणतात. माझा पहिला संगणक त्याच रस्त्यावर १९९९ साली जुळवून घेतला होता. वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून कर्ज काढले होते. आत सेलेरॉन ३००ए हा प्रोसेसर होता. १९९८ साली आलेल्या या प्रोसेसरची ख्याती अशी, की त्याच्यावर छापलेला आकडा तीनशे मेगाहर्ट्झचा, पण पुष्कळ नग साडेचारशेवर बिनतक्रार चालत. त्याचा गुणक साडेचारला कुलूपबंद होता. मात्र बोर्डाच्या बसचा वेग सहासष्टावरून शंभरावर नेला की गुणाकार आपोआप बदलत असे. त्यासाठी शंभराची बस पेलणारा बोर्ड हवा, आणि ४४०बीएक्स चिपसेटचे बोर्ड ती पेलत. वसतिगृहातील माझ्या शेजाऱ्याने हे एका संध्याकाळी करून दाखवले. माझ्याही यंत्रात तोच प्रोसेसर आणि त्याच जातीचा बोर्ड होता. मी हात लावला नाही. कर्जाचे हप्ते फिटायचे होते, आणि जळालेल्या वस्तूचा जाब मला वडिलांना द्यावा लागला असता. त्यांनी तो मागितला नसता, हे अधिक अवघड होते.

असो. नेहरू प्लेसला मी एका शनिवारी गेलो. मेट्रोतून उतरून त्या विस्तीर्ण फरसबंद चौकात आले की प्रथम दिसतात ते पथारीवाले: शाईची काडतुसे, चार्जर, पडद्यावर चिकटवायच्या काचा. एका बाजूला कापडाची मोठमोठी दुकाने, आणि वर मजल्यामागून मजले संगणकांच्या सुट्या भागांचे. "सर, क्या चाहिए?" हा प्रश्न पावलापावलाला येतो. तौलनिक साहित्याच्या माणसाला खरे तर हे वातावरण परके वाटू नये. प्रत्येक गाळ्यात एकाच संहितेचे निराळे पाठ सांगितले जात होते. मी ज्या दुकानात शिरलो तेथील गृहस्थांनी दोन खोके पुढे ठेवले. एकावर ए३२०, दुसऱ्यावर बी४५०. किंमतीत दोनेक हजारांचे अंतर. मी प्रोसेसरचे नाव सांगून विचारले, "इस पर चलेगा?" ते म्हणाले, "बिलकुल चलेगा." मी स्वस्त खोके उचलले.

त्यांचे उत्तर अगदी खरे होते. प्रश्नच माझा अपुरा होता. ओव्हरक्लॉक हा शब्द पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाने काउंटरवर उच्चारावा याचा मला संकोच वाटला, हे येथे कबूल केले पाहिजे. 'चालणे' हे क्रियापद हिंदीत आणि मराठीत एकाच दमात यंत्राच्या गतीविषयी, नाण्याच्या वैधतेविषयी आणि माणसाच्या तडजोडीविषयी बोलते. मुलीच्या 'स्वस्तातला चालेल' मधील अर्थ तिसरा, दुकानदाराच्या 'चलेगा' मधील पहिला. भाषांतराच्या वर्गात मी अशा निसरड्या क्रियापदांवर तासभर बोलतो.

नोव्हेंबरात ती आली. बाकीचे भाग, अगदी जुने ग्राफिक्स कार्डसुद्धा, तिने कपड्यांच्या घड्यांत गुंडाळून आणले होते. अतिथिगृहाच्या जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून आम्ही यंत्र जुळवले आणि खोलीतल्या दूरदर्शन संचाला जोडले. ते पहिल्या झटक्यात सुरू झाले. बायॉसच्या पानांवरून ती खालीवर फिरू लागली, मग पुन्हा वर. "बाबा, हा ए३२० आहे," एवढेच ती म्हणाली. एएमडीने २०१७ साली रायझन मालिका आणली तेव्हा सगळ्या प्रोसेसरांचे गुणक मोकळे ठेवले, पण ए३२० या सर्वांत स्वस्त चिपसेटला ते बदलण्याची मुभा दिली नाही. ती बी३५० पासून पुढे. तिने रागावून काही म्हटले असते तर बरे झाले असते. ती टेबल आवरू लागली. फोनवरची एकशब्दी उत्तरे मला त्या आवराआवरीत ऐकू आली.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे नेहरू प्लेसला गेलो. उघडलेले खोके दुकानदाराने परत घेतले नाही. व्यवहाराच्या दृष्टीने त्यात वावगेही नव्हते. या वेळी बोलणे तिने केले. बी४५० चे चार बोर्ड मागवून ती त्यांच्यावरील नावे न वाचता प्रोसेसरच्या खोबणीशेजारची जागा न्याहाळत होती. दुकानातून बाहेर पडल्यावर तिने मला समजावले. वीजपुरवठ्याकडून बारा व्होल्ट येतात; प्रोसेसरला लागतात सव्वा ते दीडच्या दरम्यान. दाब इतका उतरवायचा तर प्रवाह तितकाच चढतो. शंभर वॉट खाणारा प्रोसेसर १.३ व्होल्टला सुमारे सत्त्याहत्तर अँपिअर ओढतो. आपला दोन किलोवॉटचा गिझर नऊच्याही आत असतो. हा सगळा भार खोबणीलगतच्या नखाएवढ्या मॉस्फेटांवर पडतो. स्वस्त बोर्डांत बचत होते ती नेमकी तेथे: संख्या कमी, आणि अंगावर ॲल्युमिनियमची उष्णताशोषक पट्टीही नाही. ते तापले की वेग घटवून जीव वाचवतात, आणि मग वाढवलेला आकडा कागदावरच राहतो. तिने निवडलेला बोर्ड चारांपैकी स्वस्तात दुसरा होता. रोषणाई नाही, पण पट्टी होती. मी वरून छापील वेष्टनांची तुलना करत होतो, ती पायाकडून वाचत होती.

त्या रात्री गुणक बत्तिसाचा पस्तीस झाला, मग अडतीस. शंभराने गुणले की ३८०० मेगाहर्ट्झ. एकोणचाळीसला ताणाची चाचणी सुरू होताच पडदा गोठला. माझा हात नकळत वीजेच्या बटणाकडे गेला. "थांब, काही जळत नाही, ते नुसतं अडतं," ती म्हणाली आणि तिने शांतपणे यंत्र पुन्हा सुरू केले. वेग वाढवताना उष्णता त्याच प्रमाणात वाढते, पण व्होल्टेज वाढवले तर त्याच्या वर्गाच्या प्रमाणात. म्हणून एकोणचाळीसचा हट्ट तिने सोडला. अडतीस, १.३५ व्होल्ट, प्रोसेसरबरोबर आलेलाच पंखा. तासभर आम्ही तापमानाचा आकडा बघत बसलो. खिडकी उघडावी तर दिल्लीत दिवाळीनंतरचा धूर. बंद ठेवावी तर खोली तापलेली. त्या तासात ती शाळेविषयी बोलली, आईविषयी बोलली, आणि मी हे पद सोडून केव्हा परतणार हेही तिने विचारले. सेलेरॉनची गोष्ट मी तिला तेव्हाच सांगितली.

"मग आजोबांना विचारायचंस ना," ती म्हणाली.

आकडा चौऱ्याहत्तरवर स्थिरावला होता. तिने तो वहीत लिहिला, शेजारी तारीख, आणि कंसात 'खिडकी बंद'.

यंत्र तिच्याबरोबर पुण्याला गेले. ए३२० चा तो बोर्ड माझ्याकडेच राहिला. पुढे त्याच्यासाठी एक साधा प्रोसेसर घेऊन मी तो विभागातील माझ्या खोलीत बसवला. हा लेख त्याच्यावरच टंकित केला आहे, छापील वेगाने.