काटकसरीची पानगळ

काश्मीरचा लाल चिनार दाखवीन, असे वचन मी सौ.ला वीस वर्षांपूर्वी दिले होते. प्राध्यापकाच्या पगारात ते दर दिवाळीला पुढे ढकलले गेले. अखेर गेल्या फाल्गुनात तिला घेऊन चंद्रपूरची एस.टी. गाठली. आपल्याकडे पानगळ शरदात नव्हे, शिशिरात. तेव्हा दिवाळी हुकली म्हणून बिघडत नाही!

चंद्रपूरहून तीसेक किलोमीटरवर, ताडोबाच्या वेशीवर मोहर्ली. तिथे इरई धरणाच्या जलाशयाजवळ तंबूत उतरलो. समोर पाणी, मागे सागवन. सागाचे पान पडे, ते पापड मोडल्यासारखा आवाज करीत. पळस फुललेला, आणि कुसुमाची कोवळी पालवी चिनाराला लाजवील अशी तांबडी!

चहासाठी मी स्टोव्ह काढला, तोच एक वनरक्षक धावत आला. "पेटवू नका जी! पंधरा फेब्रुवारी ते पंधरा जून आगीचे दिवस. या पाचोळ्यात एक ठिणगी पुरे."

मी ओशाळलो. ज्या पानांचे कौतुक करायला आलो, तीच जंगलाचे सरण होऊ शकतात, हे ध्यानातच आले नव्हते. वनरक्षक मग शेजारी टेकला. म्हणाला, उन्हाळ्यात जमिनीतली ओल आटते. पाने टाकून झाड उरलेले पाणी राखते.

गार दशम्या खाताना सौ. हसली. "अहो, म्हणजे झाडेही महिनाअखेर सांभाळतात!"

परतताना काश्मीरचा विषय मीच काढला. ती म्हणाली, "आधी पुन्हा इथे. स्टोव्ह मात्र घरी ठेवा."