सरांना ‘नाही’ कसं म्हणायचं?

आमची लेक नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. प्रॅक्टिकल, ड्युटी, इंटर्नल मार्क हे शब्द आमच्या दस्तरख्वानावर रोजचेच. यंदा त्यात ‘संमतीपत्र’ या शब्दाची भर पडली. एका सरांचं झोप आणि मानसिक ताणावर संशोधन चालू होतं. त्यांनी वर्गातच फॉर्म वाटले आणि नावासकट भरून घेतले. लेक म्हणाली, “अम्मी, तोंडी परीक्षा सरच घेणार. मी एकटी कशी नाही म्हणू?” सही तिची होती, मर्जी किती होती, हा प्रश्न आम्हा दोघांना पडला.

आमचा संशोधनाला विरोध नाही. नर्सिंगच्या मुलींचा ताण समजून घ्यायचा तर त्यांनाच विचारावं लागेल. पण आपल्या मनाची, तब्येतीची माहिती ही अमानत आहे. ती विश्वासाने सोपवायची असते, मार्कांच्या धाकाने नाही.

जगाने हे ओळखलं आहे. १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्याचा आजचा मजकूर सांगतो की, सहभागी व्यक्ती संशोधक डॉक्टरवर अवलंबून असेल, तर संमती त्या नात्याबाहेरच्या जाणकाराने घ्यावी. आपल्याकडे आयसीएमआरची २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वंही विद्यार्थ्यांना विशेष संरक्षणाची गरज असलेल्यांमध्ये धरतात. हा धाक फक्त वर्गातच असतो असंही नाही. दक्षिण कोरियाचे शास्त्रज्ञ ह्वांग वू-सुक यांच्या संशोधनासाठी त्यांच्याच प्रयोगशाळेतल्या दोन कनिष्ठ संशोधक स्त्रियांनी स्त्रीबीजं दिली होती. २००५ मध्ये त्यांनी ते कबूल केलं. दोघींनी स्वखुशीने दिली, असं सांगण्यात आलं. पण वरिष्ठांच्या हाताखाली राहणाऱ्याची खुशी ओळखायची कशी?

आम्ही प्राचार्यांना भेटलो. तक्रार केली नाही, फक्त विचारलं: फॉर्म दुसऱ्या कुणी गोळा केले तर? नाव नसलं तर? त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. पुढच्या वेळी बिननावाचे फॉर्म ग्रंथालयातल्या बंद पेटीत टाकायचे ठरले. ज्यांना भाग घ्यायचा नाही, त्यांनीही कोरा फॉर्म घडी करून टाकायचा, म्हणजे कुणी नकार दिला ते कळणारच नाही.

आपल्या घरातली मुलं-मुली डॉक्टर, नर्स, फार्मासिस्ट होत आहेत. त्यांना एवढं जरूर सांगा: सहीआधी विचारा, नैतिकता समितीची परवानगी आहे का? माहिती कोण पाहणार? मध्येच बाहेर पडता येईल का? उद्या हीच मुलं रुग्णाच्या हातात संमतीपत्र देणार आहेत. ज्याला स्वतः ‘नाही’ म्हणता आलं, तोच रुग्णाचं ‘नाही’ मनापासून ऐकेल.